शीतलनं चालून दाखवलं

घरच्यांना समजावणं सोपं असतं म्हणता? मग शीतलचं ऐका. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधली, सोनपेठची. विद्यापीठाच्या संघाची निवड परवावर आली आणि तिला बघायला पाहुणे आले. लग्न जमलं की खेळ बंद, हे ठरलेलंच. शेजारी बसून मी नुसती धुमसत होते.

मुलाची आत्या म्हणाली, "चालून दाखव गं."

परभणीतल्या कालच्या मॅचमध्ये घोटा मुरगळलेला. शीतल लंगडतच दारापर्यंत गेली.

"पायात खोट हाय का वो?" आत्यानं विचारलं.

"खोट कशाची?" तिचे आबा उसळले. हे कधी मॅचला फिरकले नव्हते. "काल त्याच पायानं गोल मारलाय. बियाणं आणायला परभणीला गेलतो, झाडामागून बघितलाय मी."

शीतल थबकली. "मग हाक का न्हाई मारली, आबा?"

"गोल हुकला असता. जा, पाय शेक. परवा निवडीला जायचंय."