खिडकीच्या अर्जाला आवक क्रमांक नाही

मी, रामकृष्ण गोविंद ठोंबरे, वय चोपन्न, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा मोर्शी तहसील कचेरीसमोर अर्जनवीस, हल्ली मुक्काम आयर्लंडात एनिसजवळच्या लहान गावी, मुलगी डॉ. शुभांगी हिचे घरी; प्रकरण सन २०२० च्या उन्हाळ्यापासूनचे; अर्जदार शेजारी टॉम, वय ब्याऐंशी; साक्षीदार पोस्टातली नोरा.

माझा अर्ज तहसीलदारसुद्धा शेवटपर्यंत वाचत. बायको मुलीच्या बाळंतपणाला आली, तिच्यासोबत मी, आणि कोरोनाने विमानं बंद झाली. टॉमची बायको ब्रायडी इथल्या वृद्धाश्रमात, आत जायला बंदी, म्हणून हा रोज बागेतून तिच्या खिडकीशी जाई, काचेला तळहात लावी, ती आतून लावी. मग व्यवस्थापनाने बागेचं फाटकच बंद केलं. टॉम म्हणे, होईल ग्रँड, म्हणजे सगळं झकास. काय सांगू तुम्हाला, या गावात छप्पर उडालं तरी ग्रँडच म्हणतील!

शेवटी अर्ज मी लिहिला, पानं चार, मुद्दे अकरा. शुभांगीने इंग्रजी केलं, कुरकुरत, की बाबा, इथे असं कुणी लिहीत नाही. सह्यांना माणसं कुठून आणू? तर एके दिवशी अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, अंतर राखून, मुकाट उभं. एवढी माणसं पुन्हा मिळायची नाहीत म्हणून मी कागद घेऊन निघालो. सतरा सह्या झाल्या, कुणी नाही म्हणेना, तोच नोरा कुजबुजली, रॅम, कागद खिशात घाल, शववाहिका येतेय. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी, म्हणून गाव रस्त्यावरून निरोप देत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी गेल्यावर नोरानेच पेन मागितलं, म्हणाली, आता माझी घे.

वृद्धाश्रमाचं उत्तर काय, तर दोन ओळींची मेल: हाय रामकृष्ण, खूप आभार, बघतो आम्ही. ना आवक क्रमांक, ना शिक्का, ना हुद्दा! टॉम खूश, की मॅनेजरबाई चांगली आहे, तिची आई आमच्या गल्लीतली. मी म्हटलं, टॉमभाऊ, आईचं काय घेऊन बसलात, आदेश कुठाय?

आता सन २०२१ लागलं. विमानं सुरू झाली, पण अर्ज प्रलंबित ठेवून जाणं आमच्या धंद्यात बसत नाही. फोनवर ब्रायडी त्याला विचारते, कोण बोलतंय. आवाज तिला ओळखू येत नाही, हात यायचा. हा मुद्दा बारावा समजावा.

तरी विनंती की, फाटक रोज दहा मिनिटं उघडावं, आणि निर्णय लेखी कळवावा. होकार असल्यास टॉमला कळवावा. नकार असल्यास कृपया माझ्या नावे पाठवावा.