सरांच्या डोक्यावरच्या पायऱ्या

आदरणीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निरीक्षणगृहातून निवृत्त होणारे आमचे गृहपिता गोपाळकृष्ण सर, सौ. शकुंतलाताई, आणि समोर बसलेल्या माझ्या धाकट्या भावांनो,

मी अमृत. आमच्या गावात, दहिवडीत, माझं सलून आहे. सोळाव्या वर्षी चराईच्या भांडणात मी आमच्या गावच्या नानासोकाकांना दगड मारला आणि इथं आलो. हे लपवून सरांचं कौतुक कसं करणार?

एकदा इथं केस कापणारे मामा आले नाहीत आणि सरांची दुसऱ्या दिवशी कचेरीत बैठक. मी म्हणालो, "मला येतं." घरची मेंढरं कातरली होती ना! सरांनी बिनघोर कात्री हातात दिली. मी म्हणालो, "सर, कुशीवर आडवं व्हा." सर झालेसुद्धा. पाय बांधायला मी दोरी शोधू लागलो, तेव्हा मात्र ते उठून बसले. बघा, आत्ताही हसताहेत. डोक्यावर नुसत्या पायऱ्या पडल्या. त्याच डोक्यानं ते बैठकीला गेले आणि विचारेल त्याला सांगत सुटले, "आमच्या अमृतनं कापलेत." पुढं त्यांनीच मला हे काम रीतसर शिकायला पाठवलं.

सुटल्यावर दुकान टाकलं. पण माझ्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? माझी आई हरणाबाई रोज रिकामी खुर्ची पुसायची. महिन्यातून एकदा साताऱ्याहून एसटीनं सर यायचे, केस कापून जायचे. तेवढंच एक गिऱ्हाईक.

चौथ्या महिन्यात एका सकाळी नानासोकाका दारात उभे. कपाळावर माझ्या दगडाचा वण.

"काका, तुमी?"

"व्हय. तुझा सर दर खेपेला परतीची एसटी धरायच्या आधी माझ्या दारात येऊन डोकं दाखवतोय. लय चिवट माणूस हाय. चांगलं कापतोस की रं. कर दाढी."

काकांनी मान मागं टाकली आणि डोळे मिटले. मला रडू येत होतं, पण हातात वस्तरा होता, म्हणून आधी दाढी पूर्ण केली.

सर, काकांच्या दारच्या त्या वाऱ्यांबद्दल तुम्ही मला आजवर एका शब्दानं बोलला नाहीत. आता दुकानात रविवारी नंबर लागतात. तुम्हालाही बाकावर थांबावं लागेल, कारण पहिला नंबर काकांचा असतो.

मला बोलू दिलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. भाषणात कुठं पायऱ्या पडल्या असतील, तर सरांनी मिरवल्या तशा आपणही मिरवून घ्याव्यात, ही विनंती.