उंदरांच्या पट्टीवरची रेघ

मी ललित नवनीत चौधरी, वय २९, धंदा प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, रा. पुरुषोत्तमनगर, ता. शहादा. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

आमच्या प्रयोगशाळेत थेंबभर रक्तावरून कॅन्सर ओळखणारी पट्टी तयार करण्याचे काम चालते. सध्या ती उंदरांवर तपासतात. पट्टीवर लाल रेघ उमटली, की उंदरात गाठ धरली असे समजून खात्रीसाठी त्याला मारतात. पिंजरे धुण्याचे काम नानीबाई रामसिंग पावरा, वय ४५, मूळ रा. धडगाव तालुका, या करतात. मी त्यांना मावशी म्हणतो. रेघ आलेल्या उंदराचा रिकामा पिंजरा त्या धुऊन फळीवर पालथा घालतात.

काल दुपारी मावशी म्हणाल्या, "भाऊ, मन्हं बी रगत देखी ले." छातीत गाठ असल्याचे त्यांनी खाली बघून सांगितले. दवाखान्यात चला म्हटले, तर ऐकेनात. मला नाही म्हणवले नाही. त्यांचे बोट टोचून थेंब पट्टीवर सोडला. रेघ आली.

"उनी का?" त्यांनी विचारले. मी "उनी", म्हणजे आली, असे म्हणालो. त्या हात धुऊन कामाला गेल्या.

सायंकाळी त्या दिसल्या नाहीत. फळीवर त्यांचा जेवणाचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. त्याखाली त्यांच्या हातातली चांदीची कडी होती. ती त्या कधीच काढत नसत.

घाबरून मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख चारुलता मॅडमना फोन केला. त्या फार रागावल्या आणि त्यांनी आठवण करून दिली. आमच्या उंदरांत माणसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या असतात. पट्टी उंदराच्या रक्तात माणसाचा अंश शोधते. म्हणजे कोणाही धडधाकट माणसाच्या रक्ताला रेघ येणारच. हे मला रोजचे माहीत, पण त्या वेळी डोक्यातच आले नाही. मी माझे बोट टोचून पाहिले. रेघ आली.

मावशी गावी भाऊ वीरसिंग यांच्याकडे पोहोचलेल्या नाहीत. स्टँडवरच्या चहावाल्याने त्यांना प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या गाडीत बसताना पाहिले. त्यांचे गाव उलट दिशेला आहे. प्रकाशाला तापी नदीवर पूल आहे. मला त्या पुलाची भीती वाटते.

त्यांची गाठ डॉक्टरांना दाखवायचीच आहे, पण ती कसली हे अजून कोणालाच माहीत नाही. मावशी सापडल्या, की दुसरे काही विचारण्याआधी त्यांना एवढे सांगावे, की ललितले बी रेघ उनी.

जबाब मला वाचून दाखवला. शेवटचे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले. सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे.