तुलाराम गजभिये यांच्या बरगडीबाबत

पोलीस स्टेशन, पवनी. तारीख ९ मार्च १९८४.

नाव सुखराम चिंधू रामटेके, वय २३ वर्षे, शिक्षण तिसरी, धंदा मजुरी, राहणार आसगाव, जिल्हा भंडारा, सध्या मुक्काम कोरबा, मध्य प्रदेश.

समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, कोंढ्याचे गोमाजी गजभिये यांची तक्रार मला वाचून दाखवली. मी त्यांना शेणखताच्या खड्ड्यात ढकलले, त्यांचे मोठे भाऊ तुलाराम यांच्या छातीवर बसून बरगडी मोडली आणि तोंडाला तोंड लावले, असे त्यात आहे. यात छातीवर बसलो हे खोटे आहे, मी बाजूला गुडघ्यावर होतो. बाकी खरे आहे. पण मधले काही लिहायचे राहिले आहे ते सांगतो.

मी कोरब्याला वीज कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर आहे. त्याआधी विडी कारखान्यात, राईस मिलमध्ये, वीटभट्टीवर आणि ट्रकवर होतो. कोणत्याच कामावर मला वर्ष झाले नाही. का, असे जमादार साहेबांनी विचारले. मी कामांची नावे परत सांगितली.

कोरब्याला आम्हाला करंट लागलेल्या माणसाला कसे वाचवायचे ते शिकवले. वर्गात पंखा होता आणि चहा मिळत होता म्हणून मी गेलो. शिकायला माणसाएवढी रबराची बाहुली होती. तिचे नाव आम्ही ठेकेदार ठेवले होते. शिकवणारे साहेब म्हणाले, इतका जोर लावणारी बॅच आजपर्यंत पाहिली नाही. पंधरा वेळा छाती दाबायची, दोनदा तोंडाने हवा भरायची, आणि दुसरा माणूस येईपर्यंत किंवा श्वास येईपर्यंत थांबायचे नाही, असे त्यांनी सांगितले. बरगडी मोडली तरी थांबायचे नाही, असेही सांगितले. हा एकच वर्ग मी शेवटपर्यंत केला.

घटनेच्या दिवशी, म्हणजे २७ फेब्रुवारीला सकाळी मी सायकलने कोंढ्याला तुलारामजींच्या शेतावर गेलो. कशाला गेलो ते मी सांगत नव्हतो, पण जमादार साहेब म्हणाले लिहावे लागते. त्यांची मुलगी पंचफुला हिला मी मागणी घातली होती. तुलारामजींनी दिवाळीत नाही म्हटले होते. "पोरगा वाईट नाही, पण याच्या बुडाखाली इंगळे हायेत. आज कोरब्याले, उद्या कुठं? माही पोरगी काय याच्या मांगं टपालावानी गावोगाव फिरन?" असे त्यांचे म्हणणे होते. मी परत विचारायला गेलो होतो.

मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर असताना ते विहिरीजवळ उन्हाळी धानाला पाणी सोडण्यासाठी मोटार चालू करत होते. पाय ओले होते. ते ओरडले नाहीत, नुसते खाली बसले आणि पडले. वायर हातालाच होती. मी सुक्या बांबूने वायर बाजूला केली व मेन स्विच पाडला. छाती हलत नव्हती, नाडी लागली नाही.

तेवढ्यात गोमाजी काका व शेजारच्या शेतातले लोक धावून आले. करंट लागलेल्या माणसाला गळ्यापर्यंत शेणखतात पुरले की करंट उतरतो, असे आमच्याकडे मानतात. मीही लहानपणापासून तेच ऐकले आहे. काकांनी तुलारामजींचे पाय धरले आणि खड्ड्याकडे ओढू लागले. मी सोडा म्हटले. ते म्हणाले, "तुले काय समजते बे, तिसरी नापास." मी तिसरी पास आहे. त्यांना ढकलले ते त्या वेळी. खड्डा मागेच होता, हे मी पाहिले नव्हते.

तुलारामजींच्या तोंडात तंबाखू होता, तो बोटाने काढला आणि दाबायला सुरुवात केली. पंचफुला शिदोरी घेऊन येत होती. तिने शिदोरी टाकली, तिथले फावडे उचलले आणि माझ्या व लोकांच्या मध्ये उभी राहिली. गोमाजी काका खड्ड्यातून म्हणाले, "अवो, मेलेल्याले काहून मारून राहिला हा?" ती म्हणाली, "काका, मांगंच राहा." मग मला विचारले, "किती?" मी पंधरा म्हटले. मला दम लागला होता, म्हणून पुढचे तीच मोजत होती. बरगडी मोडल्याचा आवाज तिनेही ऐकला. तिने मोजणे सोडले नाही.

किती वेळ झाला ते सांगता येत नाही. माझे हात भरून आले होते. मग तुलारामजी खोकले. डोळे उघडून त्यांनी मला पाहिले आणि म्हणाले, "मोटार कोनं बंद केली? लाईन जाईन ना." लोक हसले. पंचफुला हसली नाही, ती फावडे टाकून खाली बसली.

त्यांना बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले. मी कालपर्यंत तिथेच होतो, म्हणून जबाबाला उशीर झाला. माझी रजा संपली आहे. गोमाजी काकांची मी माफी मागितली. त्यांचे धोतर दोनदा धुतले, तरी वास आहे असे ते म्हणतात.

आज तुलारामजी छातीला पट्टा बांधून एसटीने आले आहेत व बाहेर बाकावर बसले आहेत. ते जमादार साहेबांना म्हणाले, "बरगडी माही हाय. तक्रार करायची त मी करीन, गोमा कोन?" साहेबांनी विचारले, हा मुलगा कोरब्याला पळाला तर जामीन कोण राहील? तुलारामजी म्हणाले, "मी राहतो. लिहा माहं नाव." साहेब म्हणाले, तुम्हीच तर म्हणत होता हा टिकत नाही. ते म्हणाले, "मी मेलो होतो तवा हा हलला नाही. आता कुठं जाते?"



हा जबाब जमादार साहेबांनी मोठ्याने वाचला. त्यातले मागणीचेही बाहेर बाकावर ऐकू गेले, तिथूनही कोणी हरकत घेतली नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करतो.

सुखराम चिंधू रामटेके