घर न सोडणारा आकडा

— तर निपाणीपासून चिकोडीपर्यंत माझ्याएवढा गणिती न्हाई, मास्तर! म्हंजे तिसरीत दोनदा नापास झालेल्यांत न्हाई. बसा हो. मामा तुमचे गाडी जुंपायला गेल्यात, पण बैल आमचे हैत, माझ्याच गुणाचे, लगेच उठायचे न्हाईत. शेंगा खावा. नात आमची पसंत न्हाई ते तोंडावरच दिसतंय तुमच्या. का, तर तुम्ही औटकी म्हणायला लावली आन् आमची चंदना अंगठ्यानं जमीन उकरत बसली — व्हय ना? पोरगी बघायला आलता का शाळा तपासायला? साडेतिनाचा पाढा म्हटल्यावर चूल पेटती व्हय बेळगावात? मला विचारा की! न्हाई न्हाई, औटकी नगं, ती मलाबी येत न्हाई.

घ्या ही पाटी. लिवा — एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. आता दुप्पट करा. करा की, पगार घेता त्याचा! किती? दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. नीट बघा — एक, चार, दोन, आठ, पाच, सात. तेच सहा भाऊ, नुसते जागा बदलून बसल्यात, पंगतीत तुपाच्या वाटीकडं सरकावं तसं. तिप्पट करा. चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एकाहत्तर — हां, आता चढली भुवई! चौपट करा, पाचपट करा, ह्यातला एक घराबाहेर पडत न्हाई, बाहेरचा एक आत येत न्हाई. खासबागेतल्या एका वकिलाला हाच आकडा घातलता, त्यानं पगडी काढून डोकं खाजवलं. अख्खी पेठ मला गणिती आप्पा म्हणती.

शिकलो कुठं? कुठं म्हंजे — हितंच, वखारीत. ही चंदना तंबाखूच्या बोदांवर, त्या गोणपाटाच्या गठ्ठ्यांवर, कोळशानं आकडे घालत बसती, तिला हा सापड— म्हंजे मीच सांगितला तिला. न्हाई, तिनंच... जाऊ द्या, जीभ घसरली. औटकी? झोपेत म्हणती ती! मग गप्प का बसली? मीच दम दिलता — तोंड उघडलंस तर बघ म्हणून. हसताय काय? मागल्या माघात काकतीचा एक आलता, पोरगी तोतरी हाय सांगून पळवला. त्याच्या आधीचा तर नुसता खोकून पळवला. मग काय करू? ही गेली तर पेठेत मला नवा आकडा कोण देणार? "आज्जा, सहापटीच्या पुढं जाऊ नगंस" असं कानात कोण सांगणार? — चंदना, दाराआड हसू नगंस गं!

ते बघा, गाडी आली दारात. जाताजाता पैज लावा, मास्तर. ह्या सहातला एक, एकच, घराबाहेर काढून दावा — पोरगी तुमची, ह्याच महिन्यात मांडव घालतो. न्हाई जमलं तर उठा, धोतर झाडा, बेळगावचा रस्ता धरा. — पाटी का पुसताय? हरला व्हय? आन् परत काय लिवताय? मांडा तर खरं, मोठ्यानं वाचा, दाराआडबी ऐकू जाऊ द्या.

"आप्पा, सप्तपदीला पावलं सात असतात. म्हणून सातानं गुणलं. सगळे नऊ आले — तुमच्या सहांतला एकही घरी उरला नाही."