बारावं उत्तर

फरीदाबादच्या बसच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं, तरी सुजयने मान वळवली नाही. दिल्लीतला मराठी माणूस रांगेत मोकळेपणी बोलतो; पुढच्याला कळत नाही अशी त्याची खात्रीच असते.

"राघव, तो मराठी कीबोर्ड बनवणारा जयेश फेब्रुवारीतच वारला म्हणे."

"काहीतरीच, मयुरा! परवाच कीबोर्डच्या ग्रुपवर उत्तर दिलंय त्याने मला."

"त्याच्या ऑफिसातल्या बाईनेच सांगितलं."

"मग घरचं कुणी लिहीत असेल."

"घरच्यांनी कधीच तोडलं होतं. एक रूममेट होता. आठ वर्षं, तोच."

"अच्छा! तसला रूममेट."

"हळू बोल ना."

"इथे कुणाला कळतंय, यार? आणि कीबोर्ड कोडसकट फुकट वाटायचा, तेव्हाच मला वाटलं होतं, गडी वेगळा आहे."

सुजय सकाळी दुधाच्या पातेल्याने भाजलेलं बोट चोळत राहिला. जयेशच्या खात्याचा पासवर्ड त्याच्या एकट्याकडे होता. नाव थांबलं की जयेशही संपेल, या भीतीने त्याने त्या नावाने अकरा उत्तरं लिहिली होती. अगदी मोजून.

"फेब्रुवारीपासून बारा उत्तरं आलीत, मयुरा. बारावं आज सकाळचं. हे बघ फोनवर."

"दाखव. 'मंडळी, कीबोर्ड आता तुम्ही सांभाळा. माझ्या नावाने लिहिणाऱ्याला सुट्टी द्या. सुजय, आधी गॅस बंद कर, दूध उतू गेलं.' ई! हे काय?"

"सात वाजून दहा मिनिटांनी आलंय."

"सुजय कोण?"

"काय माहीत. ओ भैया, लाइन आगे बढ़ गई! भैया?"