दसऱ्याचे टायर

दसरा तोंडावर आला होता. मिल्टन कीन्समधल्या मोटारींच्या सामानाच्या दुकानात कस्तुरी पैसे द्यायला रांगेत उभी होती. पुढे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलगी, आपलं बोलणं इथे कुणाला कळतंय अशा भरवशावर, टायरला लावायच्या पॉलिशवरून बिनधास्त मराठीत वाद घालत होते.

"बाबा, हा बाटली नको, हा शायनी आहे. वॉटर-बेस्ड मॅटवाला घेऊ. रबरला क्रॅक्स येत नाही."

"पूजेला टायर चमकायला नकोत? मग लावायचं कशाला?"

"लास्ट यर तुम्ही खोबरेल लावला."

"चमकले होते की नाही?"

"रस्त्याला टेकतो त्या पार्टला पण लावला, बाबा! फर्स्ट राउंडअबाउटलाच गाडी स्लिप झाला."

"तुझ्या आईनं जरा हळू घ्यायला हवं होतं."

"हे तुम्ही तिला हॉस्पिटलमध्ये पण बोलले."

"हात मोडला होता गं नुसता. बरा झाला की."

"मग ती अजून बसने का जाते?"

रांग पुढे सरकली. कस्तुरीनं आपल्या हातातली टायर-पॉलिशची बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं.

"हे फक्त बाजूलाच लावायचं ना?" गृहस्थांनी मुलीला विचारलं.

"ओन्ली साइडला. स्पंजवर घ्यायचा, मग पुसायचा."

"आणि लावलंय ते दिसत नाही?"

"नाही. फक्त क्लीन वाटतो."

"मग मॅटच घे. चमक दिसली, तर पूजा झाल्या झाल्या तुझी आई हातात प्रसाद घेऊन बसस्टॉपवर जाऊन उभी राहील."